चालायचे तर परगावी

इंदूरच्या मराठी घरांचे अर्धे गणगोत पुण्यात असते. कोणाची आत्या सहकारनगरात, कोणाचा चुलतभाऊ हिंजवडीत, कोणाच्या मामेबहिणीचे सासर कोथरूडला. जंगली महाराज रस्त्यावर घटकाभर उभे राहिले तरी ‘अरे, तू लालबागेजवळच्या अमक्यांचा ना?’ असे विचारणारे कोणीतरी भेटतेच. त्यामुळे इथल्या ज्या मुलामुलींना प्राइडमध्ये, म्हणजे समलिंगी, तृतीयपंथी आणि त्यांच्या सोबत्यांच्या अभिमान पदयात्रेत, एकदा तरी चालायचे असते ती पुण्यात हक्काचे घर आणि आयते जेवण असूनही मुंबईची गाडी धरतात. आपल्या गावात तर नाहीच, आणि नातेवाइकांच्या गावातही नाही. जिथे कोणी ओळखत नाही तिथे.

याला कोणी भित्रेपणा म्हणेल. पण या पदयात्रेची वंशावळ चाळली की दिसते ते असे: तिचा जन्मच परगावी झाला, आणि ती वाढली ती परगावाहून आलेल्यांच्या पायांवर.

सुरुवात सहसा न्यूयॉर्कच्या स्टोनवॉल बारपासून सांगतात. खरी मुळे त्याच्या चार वर्षे आधीची आहेत, आणि तीही दुसऱ्या शहरात. ४ जुलै १९६५ रोजी, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, फिलाडेल्फियाच्या इंडिपेंडन्स हॉलसमोर चाळीसेक माणसे हातात फलक घेऊन गोल फिरत होती. आम्हालाही नागरिकाचे हक्क हवेत, एवढेच त्यांचे म्हणणे. त्यांतले बरेच जण न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनहून आले होते. पुढे दरवर्षी त्याच तारखेला हे निदर्शन होऊ लागले आणि ‘वार्षिक स्मरण’ अशा अर्थाचे नाव त्याला पडले. शिस्त मात्र मास्तरी. पुरुषांनी सूट आणि टाय घालायचा, बायकांनी झगा किंवा स्कर्ट, एकामागे एक चालायचे, घोषणा नाहीत, एकमेकांना स्पर्श नाही. फ्रँक कॅमेनी हे सरकारी नोकरीतून काढून टाकलेले खगोलशास्त्रज्ञ या नियमांच्या मागे होते. सरकारने आपल्याला नोकरीवर ठेवावे असे वाटत असेल तर आपण नोकरीवर ठेवण्याजोगे दिसले पाहिजे, हा त्यांचा हिशेब.

१९६९ चे निदर्शन स्टोनवॉलनंतर जेमतेम आठवड्याने आले. २८ जूनच्या पहाटे न्यूयॉर्कमधल्या त्या बारवर पोलिसांनी छापा घातला होता आणि गिऱ्हाइकांनी या खेपेला मुकाट गाडीत बसायला नकार दिला होता. धुमश्चक्री काही रात्री चालली. त्या तापलेल्या हवेतूनच ग्रिनिच व्हिलेजमध्ये पुस्तकांचे दुकान चालवणाऱ्या क्रेग रॉडवेल यांनी एक बस ठरवली आणि मंडळी फिलाडेल्फियाला नेली. तिथे दोन मुली हातात हात घालून चालू लागल्या. कॅमेनी पुढे आले आणि त्यांनी ते हात सोडवले. रॉडवेल संतापले. त्यांनी इतरांना जोडीजोडीने हात धरून चालायला लावले. पुढच्या सगळ्या वादांचे बीज या एका क्षणात आहे: आपण इथे मागणी मांडायला आलो आहोत की जसे आहोत तसे दिसायला? मोर्चा की मिरवणूक?

नोव्हेंबरमध्ये समलिंगींच्या संघटनांच्या परिषदेत रॉडवेल आणि त्यांच्या सोबत्यांनी ठराव आणला. निदर्शन न्यूयॉर्कला हलवावे, जूनच्या शेवटी करावे, आणि त्यात पोशाखाची किंवा वयाची कोणतीही अट नसावी. त्यानुसार २८ जून १९७० रोजी ग्रिनिच व्हिलेजपासून सेंट्रल पार्कपर्यंत न्यूयॉर्कची पहिली पदयात्रा निघाली. इंद्रधनुषी झेंडा त्या वेळी नव्हता. तो आला १९७८ च्या २५ जूनला, सॅन फ्रान्सिस्कोत. गिल्बर्ट बेकर आणि त्यांच्या स्वयंसेवकांनी कचऱ्याच्या मोठ्या पिंपांत रंग कालवून सुती कापड हाताने रंगवले. पट्टे आठ होते. गुलाबी कापड मुबलक मिळेना म्हणून पुढे तो पट्टा गळला, नंतर आणखी एक, आणि सहा राहिले. आज दुकानात मिळतो तो सहापट्टी झेंडा काही अंशी असा बाजारातल्या तुटवड्यातून घडलेला आहे.

आता आपल्याकडे. इंदूरच्या लालबाग पॅलेसपासून सुरुवात करायला हरकत नाही. खान नदीकाठच्या या महालाचे काम १८८६ च्या सुमारास दुसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या काळात सुरू झाले आणि १९२१ मध्ये तिसऱ्या तुकोजीरावांच्या कारकिर्दीत संपले. फाटके लंडनच्या बकिंगहॅम पॅलेसच्या धर्तीची. याच तिसऱ्या तुकोजीरावांना बावला खून प्रकरण म्हणून गाजलेल्या खटल्यानंतर १९२६ मध्ये गादी सोडावी लागली. दोन वर्षांनी त्यांनी नॅन्सी मिलर या अमेरिकन तरुणीशी लग्न करायचे ठरवले तेव्हा केवढा गहजब झाला. तिला आधी हिंदू करून घेतले, शर्मिष्ठा हे नाव दिले, धनगर समाजात सामावून घेतले, आणि मार्च १९२८ मध्ये लग्न लागले तेही इंदुरात नाही, नर्मदाकाठी बडवाहला. हे स्त्री-पुरुषाचेच लग्न होते आणि नवरदेव होळकर होता. तरीही समाजाला पसंत नसलेली जोडी राजधानीबाहेरच बोहल्यावर चढली. साध्या माणसाची काय कथा.

साठ वर्षांनी त्या साध्या माणसांची कथाही याच प्रदेशात घडली. डिसेंबर १९८७ मध्ये भोपाळच्या सशस्त्र पोलीस दलातल्या दोन महिला शिपायांनी आपसात लग्न केले. बोभाटा झाला आणि दोघींना नोकरीवरून काढले. देशभरच्या वर्तमानपत्रांत ती बातमी चघळली गेली. पण त्या बातमीमुळेच दूरदूरच्या गावांतल्या कित्येक मुलींना पहिल्यांदा कळले की आपल्यासारख्या आणखी आहेत.

पुढची नोंद दिल्लीची. ऑगस्ट १९९२ मध्ये एड्स भेदभाव विरोधी आंदोलन या गटाने पोलीस मुख्यालयासमोर निदर्शन केले. बागेत बसलेल्या पुरुषांना समलिंगी म्हणून पोलीस उचलून नेत, त्याचा हा निषेध. भारतात या प्रश्नावर रस्त्यावर येऊन केलेले हे पहिले ज्ञात निदर्शन. मुंबईत तोवर अशोक राव कवी यांचे ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक १९९० पासून निघू लागले होते, आणि पुढे १९९४ मध्ये हमसफर ट्रस्ट ही संस्था उभी राहिली. अंकातल्या पत्रांतून परगावचे लोक एकमेकांना सापडत होते. चालायला अजून कोणी तयार नव्हते.

ते घडले कोलकात्यात, २ जुलै १९९९ रोजी. नाव ठेवले होते ‘फ्रेंडशिप वॉक’, मैत्रीची चाल. पंधरा जण आले, पिवळे टी-शर्ट घालून. काही कोलकात्याचे, काही मुंबई-बेंगळुरूहून मुद्दाम आलेले. मोठी मिरवणूक वगैरे काही नव्हती. संस्थांच्या आणि सरकारी कार्यालयांच्या पायऱ्या चढून माहितीपत्रके देणे, विचारले तर बोलणे, नंतर पत्रकारांना भेटणे, असा बेताचा कार्यक्रम. दोनतीन दोस्तांनी मिळून एखाद्या गावाला जावे आणि तिथे असे काही करून यावे जे घरी सांगता येणार नाही, या नमुन्याचा तो प्रवास होता. भारतातली, किंबहुना दक्षिण आशियातली पहिली प्राइड पदयात्रा म्हणून आज तिची नोंद होते.

वंशावळीत एक शाखा मात्र या सगळ्याच्या आधीची आहे आणि तिला मुखवटा, टोपणनाव, दुसरे शहर असली सोय कधीच नव्हती. तृतीयपंथी आधीपासून भर रस्त्यात, उघड्या चेहऱ्याने चालत आले. इंग्रजांनी १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात त्यांच्यासाठी स्वतंत्र भाग घातला होता. नोंदणी झालेल्याने सार्वजनिक रस्त्यावर बायकी वेशात दिसणे किंवा नाचणे-गाणे हाच अपराध, आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कैद. थोडक्यात, ज्या चालण्याचा आज उत्सव होतो तेच चालणे त्यांना कायद्याने मना होते. घर आणि गाव त्यांनी बहुतेक वेळा आधीच सोडलेले असे, म्हणून गमावायला उरले कमी होते. मध्य प्रदेशात सन २००० च्या आसपास शबनम मौसी सोहागपुरातून आमदार झाल्या आणि कमला जान कटनीच्या महापौर झाल्या, त्या वेळी मुंबई-दिल्लीतल्या इंग्रजी बोलणाऱ्या गटांची अजून नीट पदयात्राही निघालेली नव्हती. प्राइडच्या इतिहासात ही नावे तळटिपेत जातात. ती वर असायला हवीत.

२००८ साल निर्णायक ठरले. २९ जूनला दिल्ली, बेंगळुरू आणि कोलकाता या तिन्ही शहरांत एकाच दिवशी पदयात्रा निघाल्या. दिल्लीत आयोजकांनी मुखवटे वाटले होते. दुसऱ्या दिवशीच्या छायाचित्रांत कार्यकर्ते उघड्या तोंडाने दिसतात आणि त्यांच्या मागे रंगीत मुखवट्यांची रांग. ही वस्तू जवळून पाहण्यासारखी असते. साधा पुठ्ठा, डोळ्यांच्या जागी दोन भोके, कानामागून जाणारे रबर. आतली बाजू घामाने ओली होते, रबर कानाला काचते, शिट्टी वाजवायची तर तो वर सरकवावा लागतो. मिरवणूक पुढे सरकते तसे काहींचे मुखवटे कपाळावर जातात, कोपऱ्यावर कॅमेरे दिसले की पुन्हा खाली येतात. भाषण एकही न ऐकता नुसते मुखवट्यांकडे पाहिले तरी शहरात किती धीर आहे ते मोजता येते.

इंदूरच्या माणसाला हे नवे नाही. रंगपंचमीला राजवाड्याभोवती गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते तेव्हा तोफेसारख्या यंत्रांतून गुलाल तिसऱ्या-चौथ्या मजल्यापर्यंत उडतो आणि खाली जमलेल्या हजारो माणसांत सख्खा भाऊ ओळखू येत नाही. त्या तासा-दोन तासांत कोण कोणाच्या गळ्यात हात टाकून नाचतो ते कोणी पाहत नाही. आमच्या ओळखीतल्या एकाने सांगितले होते की भिया, आपण वर्षातून एकदा राजवाड्यावर आपल्या माणसासोबत नाचतो, आणि आईसमोरून नाचतो. संध्याकाळी अंघोळ झाली की संपले. रंग धुतल्यावरही तसेच उभे राहता यावे, इतकीच या पदयात्रेची मागणी आहे.

मुंबईत ‘क्वीअर आझादी’ची पहिली पदयात्रा निघाली १६ ऑगस्ट २००८ रोजी, स्वातंत्र्यदिनाच्या दुसऱ्या दिवशी. ऑगस्ट क्रांती मैदान ते गिरगाव चौपाटी. तारीख आणि जागा दोन्ही विचारपूर्वक निवडलेल्या. १९४२ च्या ऑगस्टमध्ये ‘छोडो भारत’ची हाक याच मैदानातून दिली गेली, आणि समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे, इंग्रजांनी १८६० च्या दंडसंहितेत घालून ठेवलेले ३७७ कलम मात्र देश सोडून गेले नव्हते. म्हणून पदयात्रेने मागणी केली की या कायद्याबद्दल ब्रिटिश सरकारने माफी मागावी. तेव्हा अनेकांना ही गंमत वाटली. एप्रिल २०१८ मध्ये पंतप्रधान थेरेसा मे यांनी राष्ट्रकुल परिषदेच्या वेळी असल्या कायद्यांबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. माफी नाही, पण जवळपास पोहोचले. मार्गाचीही गोष्ट आहे. गिरगावचे रस्ते लोकमान्यांच्या अंत्ययात्रेपासून गणपती विसर्जनापर्यंत सगळ्या तऱ्हेच्या गर्दीला सरावलेले. चाळीच्या गॅलरीतून वाकून पाहणाऱ्या काकूंना ताशाच्या ठेक्यावर कोण नाचते आहे ते कळायला थोडा वेळ लागतो, पण ठेका लगेच कळतो.

आमचा मुंबईला जायचा बेत शिजला लालबागेच्या हिरवळीवर, मालवा उत्सवाच्या दिवसांत. तिथल्या गर्दीत कोण कोणाशी काय बोलतो याकडे कोणाचे लक्ष नसते. घरी सांगितले मित्राच्या लग्नाला चाललो. अवंतिका एक्स्प्रेस संध्याकाळी इंदुरातून निघते. उज्जैनला डबा उघडला, रतलामपर्यंत शेव संपली. मग वरच्या बर्थवर तक्त्याचा कागद पसरून फलक लिहायला घेतले. गाडी हलली की वेलांटी वाकडी होत होती. खालच्या बर्थवरचे काका म्हणाले, ‘शाळेचा प्रोजेक्ट का?’ आम्ही हो म्हणालो. त्यांनी शुद्धलेखनाची चूक दाखवली. ‘अभिमान’मधला ‘भि’ ऱ्हस्व, बाळा. चूक दुरुस्त करून आम्ही फलक त्यांच्याकडे पाठ करून गुंडाळला. पहाटे मुंबई सेंट्रल. तिथून ऑगस्ट क्रांती मैदान चालत जाण्याच्या अंतरावर. दुपारी मैदानात पोहोचलो तर नाशिकची, जळगावची, बडोद्याची, नागपूरची मंडळी. निम्म्यांच्या पाठीवर प्रवासाच्या सॅक. मुंबईची पदयात्रा म्हणतात खरी, पण पाठीवरच्या पिशव्या काही वेगळे सांगत होत्या.

पुण्यात पहिली पदयात्रा ११ डिसेंबर २०११ रोजी निघाली. त्यामागे होता बिंदुमाधव खिरे यांचा समपथिक ट्रस्ट, २००२ पासून मराठीतून काम करणारा. हेल्पलाइन मराठीत, पुस्तके मराठीत, पालकांच्या बैठका मराठीत. मराठी मध्यमवर्गीय घरातल्या मुलाला पहिल्यांदा आपल्या भाषेत कोणी समजावून सांगितले ते इथे. २ जुलै २००९ रोजी, कोलकात्याच्या त्या चालीला बरोबर दहा वर्षे होत असताना, दिल्ली उच्च न्यायालयाने नाझ फाउंडेशनच्या याचिकेवर संमतीने होणारे खासगी संबंध ३७७ च्या कक्षेतून काढले होते. त्या उमेदीत पुणे चालले. आणि पुण्याच्या पहिल्या पदयात्रेला दोन वर्षे पूर्ण झाली त्याच तारखेला, ११ डिसेंबर २०१३ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. पुढची पदयात्रा पुन्हा मोर्चा झाली.

पुण्याचे वेगळेपण दिसले ते २०१७ मध्ये. आयोजकांकडून सभ्य पोशाखाचा आग्रह धरला गेला आणि वाद पेटला. एक बाजू म्हणत होती, रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या बाईला आपला मुलगा या गर्दीत दिसला पाहिजे, तिने घाबरून पाठ फिरवू नये. दुसरी म्हणत होती, नेलपेंट लावून आणि साडी नेसून चालता येत नसेल तर चालायचे कशाला? फिलाडेल्फियात सोडवलेले ते दोन हात पन्नासेक वर्षांनी जंगली महाराज रस्त्यावर पुन्हा समोर आले. हा वाद मिटणारा नाही, आणि तो मिटावा असेही नाही. जिथे नातेवाईक राहतात त्या शहरात सूट-टाय आठवतो, अनोळखी शहरात साडी. पुण्यात हा प्रश्न मुंबईपेक्षा तिखट झाला यात आश्चर्य नाही.

नागपुरात सारथी ट्रस्टच्या पुढाकाराने २०१६ मध्ये पदयात्रा निघाली. संत्र्यांच्या शहराचे नाव मिरवणारी. मग ६ सप्टेंबर २०१८ आला आणि सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी नवतेज सिंग जोहर खटल्यात एकमताने ३७७ ची नांगी मोडली. त्यानंतरच्या मुंबईच्या पदयात्रेत कंपन्यांचे फलक, गालावर झेंडे रंगवलेली कॉलेजची पोरे, बाबागाडीतली बाळे, सगळे होते. मुखवटे शोधावे लागत होते. मिरवणूक झाली म्हणावे तोच २०२० मध्ये पोलिसांनी ऑगस्ट क्रांती मैदानाची परवानगी नाकारली, आझाद मैदानात सभा झाली आणि तिथल्या घोषणांवरून राजद्रोहाचा गुन्हा दाखल झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये विवाहाचा हक्क न्यायालयाने दिला नाही, तो संसदेचा विषय ठरवला. मोर्चाचे कारण शिल्लक आहे.

पण आम्ही मुंबईला गेलो ते कायद्याच्या भीतीने नव्हे. २०१८ नंतर पोलीस पकडतील अशी भीती कोणाला नव्हती. कलम गेले, आत्या राहिली. कोर्टाच्या निकालाने जे बदलत नाही ते ओळखीच्या माणसाच्या नजरेत असते, आणि त्यासाठी अजून तिकीट काढावे लागते.

म्हणूनच १९६९ च्या त्या ठरावातले शेवटचे कलम महत्त्वाचे वाटते. न्यूयॉर्कला निदर्शन हलवताना ठराव मांडणाऱ्यांनी असेही म्हटले होते की देशभरच्या संघटनांना कळवावे आणि त्याच दिवशी आपापल्या शहरात अशीच निदर्शने करायला सुचवावे. १९७० च्या जूनमध्ये शिकागो आणि लॉस एंजलिस चाललेही. बस भरून माणसे दुसऱ्या शहरात नेणे ही तात्पुरती सोय आहे, हे बस ठरवणाऱ्यालाच ठाऊक होते. आपल्याकडे प्राइड किती मोठी झाली हे मोजायला अजून ऑगस्ट क्रांती मैदानातली डोकी मोजतात. मोजायला हवीत ती तिथल्या पाठीवरच्या सॅक. नाशिकची नाशकात, जळगावची जळगावात आणि इंदूरची राजवाड्यावर चालू लागली तर मुंबईची गर्दी कमी होईल. त्या वर्षी पदयात्रा ओसरली अशी बातमी कोणी छापली, तर ती चुकीची असेल.